पेडणे ते आमोणे, क्लचच्या गाडीतून

कोल्हापूर सोडलं तेव्हा नुकतंच उजाडत होतं. थंडीचे दिवस. सामान म्हणजे एकच बॅग, तीही माझ्या पायांशी. आमच्या लाल स्पोर्ट्‌स कारला डिकी आहे असं अरविंद सांगतात. मला तिच्यात एकदा दोन नारळ ठेवता आले होते.

अरविंद म्हणजे माझे यजमान. साठी ओलांडलेला, सरळ स्वभावाचा, भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारा माणूस. फक्त या गाडीचा विषय निघाला की त्यांच्यात कोणीतरी पंचवीस वर्षांचा मुलगा जागा होतो. गाडी दोन दारांची, दोन सिटांची, जमिनीला जवळजवळ पोट टेकलेली. तिला हाताने टाकायचे सहा गिअर आहेत आणि डाव्या पायाखाली दगडासारखा जड क्लच. घरची छोटी गाडी मी रोज चालवते. बँक, बाजार, नातवाची शाळा सगळं तिच्यावरच. पण लाल गाडीच्या उजव्या सीटवर मी कधी बसले नव्हते. त्यांनी कधी दिली नाही आणि मी कधी मागितली नाही.

या वेळी आम्ही फिरायला निघालो नव्हतो, गाडी देऊन टाकायला निघालो होतो. अरविंदचा डावा गुडघा झिजला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, क्लच दाबणं बंद करा, नाहीतर ऑपरेशनचं बघा. माझा मावसभाऊ रघुवीर, म्हणजे आमचा रघूदादा, पेडण्याला काजूचा व्यापार करतो. त्याने आमोणे गावात एक हौशी गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. लाल गाडी त्याला द्यायची आणि अरविंदनी रघूदादाकडे आहे तशी नवी स्पोर्ट्‌स कार घ्यायची, असं ठरलं होतं. तिच्यात क्लचच नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात, त्यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. बाकीचं गाडी स्वतःच बघून घेते.

"पाती कसली? कान आहेत ते कान," अरविंद आजऱ्याच्या अलीकडे म्हणाले. "कान पिळून गाढव चालवावं, गाडी नव्हे."

आंबोलीच्या घाटात धुकं अजून झाडांत अडकून होतं. अरविंद वळणावळणाला दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा गिअर टाकत उतरत होते. प्रत्येक गिअरला त्यांचा डावा पाय खाली जाई आणि तोंडून बारीक 'स्स' निघे.

"गाडीत साप शिरलाय का हो?" मी विचारलं.

"टायरचा आवाज आहे," ते म्हणाले.

सावंतवाडी मागे पडली, मग बांदा. हवा ओलसर, ऊबदार झाली, डोंगरउतारांवर काजूची झाडं दिसू लागली. पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. हद्द ओलांडली म्हणून इथली भाषा बदलत नाही. बदलतो तो पाव. पेडण्यात शिरलो तर समोरून पदेर (पाववाला) सायकलवर भोंगा वाजवत येत होता. त्याच्याकडून गरम पोई (कोंड्याच्या पिठाची पोकळ भाकरीसारखी पावरोटी) घेतल्या. पहिली पोई मी गाडीतच संपवली. लाल गाडीत खायला बंदी आहे. पण गाडी जाणारच होती, म्हणून अरविंद काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला आवडलं नाही.

"इल्यात? या, या!" रघूदादा दारातच उभा होता. त्याच्यामागे त्याची पांढरी नवी गाडी चकाकत होती आणि तिच्यामागे प्रमिलावहिनी पदराला हात पुसत होत्या. दुपारी अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची, भाजलेल्या खोबऱ्याची दाट आमटी) आणि पोई असा बेत होता. जेवणं झाल्यावर आम्ही बाल्कांवात (अंगणाकडे उघड्या असलेल्या बसायच्या कट्ट्यावर) येऊन बसलो, आणि ज्याची मी वाट बघत होते ते सुरू झालं.

"भावोजी, तुमका सांगतंय, माझी गाडी एका बोटावर चालता," रघूदादा म्हणाला.

"एका बोटावर भागत असतं, तर देवाने बाकीची नऊ कशाला दिली?"

"तोणाक खाऊक."

"अहो, हाताने गिअर टाकला की गाडीशी बोलल्यासारखं वाटतं," अरविंद हट्टाने म्हणाले. "इंजिन काय म्हणतंय ते पायाला कळतं."

"मी गाडीशी कशाक बोलू? मी बायलेशी (बायकोशी) बोलतंय, पुरे होता."

"कधी?" आतून वहिनींचा आवाज आला.

मग रघूदादानेच तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी आमोण्याला जायचंच होतं, तेव्हा गाड्या बदलून जायचं. तो आमची चालवणार, अरविंद त्याची. काय तो निकाल लागेल. रघूदादाने कॉलेज सुटल्यापासून क्लचला पाय लावला नव्हता, म्हणून त्याच्या शेजारी मी. पांढऱ्या गाडीतली बटणं अरविंदना कळणार नाहीत, म्हणून त्यांच्या शेजारी वहिनी.

सकाळी पांढरी गाडी आवाज न करता फाटकाबाहेर गेली. आमची लाल गाडी आधी बंद पडली, मग ससा उडी मारतो तशी पुढे गेली, मग पुन्हा बंद पडली. तिसऱ्या खेपेला निघालो. अंगणातली तुळस बचावली.

हमरस्त्याला लागल्यावर बरं चाललं होतं. कोलवाळच्या पुलावरून नदी रुंद, संथ दिसत होती, काठाला माडांची रांग होती. रघूदादाला कंठ फुटला. "वसू, तशी काय वायट ना गो गाडी." पण म्हापशाच्या बाजारात गर्दी लागली आणि त्याच्या बोटांना स्वतःच्या गाडीची सवय आठवली. गिअर खाली करायचा म्हणून तो स्टिअरिंगमागे पातं शोधायला गेला आणि हाताला वायपरचा दांडा लागला. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर आमचे वायपर फिरू लागले. केळी विकणाऱ्या बाईने आधी आभाळाकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. मी हसू आवरायला तोंड फिरवलं. पुढच्या चौकात पुन्हा वायपर. त्याच्या पुढच्या चौकात तर काचेवर पाण्याचा फवाराच उडाला.

अस्नोड्याच्या पुढे डिचोलीकडे जाताना चढ लागतो. त्या चढावर पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, म्हणून गाड्या थांबलेल्या. आमच्या मागे खाणीचा टिपर येऊन उभा राहिला, एवढा मोठा की आरशात नुसतं त्याचं लोखंड दिसत होतं. रांग हलली. रघूदादाने क्लच सोडला, गाडी हिसका देऊन बंद पडली. त्याने पुन्हा सुरू केली, पुन्हा हिसका. तिसऱ्यांदा त्याने ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी मागे घसरू लागली.

"वसू!" त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

मी हँडब्रेक खेचला. गाडी थांबली. मागचा भोंगा असा वाजला की माझ्या छातीत घुमला.

"दादा, उतर," मी म्हटलं.

"आणि चलयतलो कोण?"

"मी."

तो उतरला. मी फिरून उजवीकडे गेले, सीट पुढे ओढली. टिपरचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. आता हा शिव्या घालणार असं मला वाटलं.

"बाये, सावकास," तो म्हणाला. "हांव रावतां (मी थांबतो)."

क्लच दाबला तेव्हा पहिल्यांदा कळलं, अरविंद इतकी वर्षं काय दाबत होते. संपूर्ण पाय कामाला लागला. मी हळूहळू सोडत गेले. एका जागी गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, आवाज जाड झाला. म्हणजे क्लचने पकडलं. हँडब्रेक सोडला आणि गाडी पुढे, वर, सरळ गेली. मागून टिपरने एकदा छोटा भोंगा दिला, तो शाबासकीचा असावा.

दुसरा गिअर. तिसरा. रस्ता मोकळा झाला तेव्हा चौथा. गिअरचा दांडा माझ्या डाव्या हातात असा जाऊन बसत होता की जणू त्याला ठाऊकच होतं कुठे जायचं. या गाडीचा आवाज मी वर्षानुवर्षं डावीकडे बसून ऐकला होता. कधी काय मागते ते मला कळत होतं. रघूदादा शेजारी घाम पुसत होता.

"तू घोरपडीसारखी धरून बसलंस की गो स्टिअरिंग," तो म्हणाला. पण आवाजात चेष्टेपेक्षा सुटकाच जास्त होती.

डिचोलीचा बाजार ओलांडला, मग शेतं लागली. आमोणे मांडवीच्या काठी आहे. एका बाजूला हिरवं वायंगण (उन्हाळी भात), दुसऱ्या बाजूला पोफळीच्या बागा आणि मधून अरुंद रस्ता. गिऱ्हाईक म्हणजे शांतारामबाब. वास्को बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्या अंगणात पांढरी गाडी आधीच पोचली होती. अरविंद तिला टेकून उभे होते. मी लाल गाडी आत वळवली, थांबवली आणि उजव्या दारातून उतरले.

अरविंदनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग डावीकडून उतरणाऱ्या रघूदादाकडे बघितलं.

"भावोजी म्हापशापासून गुणगुणत होते हो," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. "गाडी एकदम पसंत दिसते."

शांतारामबाब थेट माझ्याकडेच आले. उजवीकडून उतरले म्हणजे गाडी माझीच, असं ते धरून चालले होते. "बाई, कशी चालता गाडी?"

मी सांगू लागले. क्लच जड आहे, पण पकडतो कुठे ते कळतं. चढावर दुसऱ्यात रडते, पहिल्यात घ्यावी लागते. चौथ्यात मात्र सुखाने पळते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी तासाभराच्या ओळखीवर बोलते आहे आणि तरी एक अक्षर खोटं नाही.

शांतारामबाब अरविंदकडे वळले. "आनी तुमी कोण?"

"मी यांचा नवरा," अरविंद म्हणाले.

मी त्यांना बाजूला, माडाच्या सावलीत घेऊन गेले. "पांढरी कशी वाटली? खरं सांगा."

"चांगली आहे गं. फार चांगली आहे." ते बुटाच्या टोकाने माती उकरत होते. "दोनदा मी भलत्या वेळी पातं ओढलं, तर तिने ऐकलंच नाही. माझी चूक माझ्या पदरात पडूच दिली नाही. पाय अजिबात दुखला नाही."

"मग?"

"मग काय! कोणाच्या तरी घरी पाहुणा गेल्यासारखं वाटलं. सगळं आयतं, आणि उठून पाणीही घ्यायचं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "पण गुडघा आहे ना. देऊन टाकू."

"गाडी द्यायची नाही," मी म्हटलं.

"अगं, पण माझा गुडघा?"

"गुडघा तुमचा. माझे दोन्ही चांगले आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "चढावर बंद पाडलीस का?" त्यांनी विचारलं.

"दादाने पाडली. मी नाही. मी रांगेतून वर काढली, मागे टिपर होता."

"रांगेत? टिपर मागे असताना?" आता मात्र ते हसले. "मला पहिल्यांदा जमलं नव्हतं."

शांतारामबाबांना सांगायला दोघंही गेलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माणूस सकाळपासून आमची वाट बघत होता. त्यांनी ऐकून घेतलं, मिशांवरून हात फिरवला आणि घराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "बरें जालें. बायल म्हणटाली, ही गाडी हाडशी (आणशील) तर तुवें गोठ्यांत न्हिदचें (झोपायचं)." मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हुमण (माशांची आमटी), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. रघूदादाने जेवताना एकदाही गाडीचा विषय काढला नाही. वहिनींनीच वायपरची गोष्ट माझ्याकडून काढून घेतली, आणि मग पेडण्याला पोचेपर्यंत काढतच राहिल्या.

पेडण्याहून कोल्हापूरला परतताना आम्ही साखळीवरून चोर्ला घाट धरला. चालवायला मी, डावीकडे अरविंद. त्यांनी तोंडातून अवाक्षर न काढण्याचं वचन दिलं होतं आणि ते पाळलंही. पण मी क्लच दाबला की त्यांचा डावा पायही चटईवर दाबला जायचा, माझ्यापेक्षा जोरात. घाटातली दाट झाडी, दरीतून वर येणारा गार वारा, हे सगळं सोडून मी त्या पायाकडेच बघत होते. बेळगावला चहाला उतरलो तर लंगडत होते.

घरी आल्यावर ज्याने त्याने विचारलं, मग शेवटी कुठली गाडी सरस? मला अजून सांगता येत नाही. रघूदादाची गाडी शहाणी आहे, वेगवान आहे, तिच्यात कोणाचा गुडघा जाणार नाही. गर्दीत, म्हातारपणी, घाईत तीच बरी. आमची गाडी हट्टी आहे, तिला दर वळणावर माणूस लागतो. फरक एवढाच की शहाणी गाडी कोणीही बसून चालवू शकतो, आणि हट्टी गाडीत शेजारच्या माणसालाही काम मिळतं.

आता रविवारी सकाळी आम्ही पन्हाळ्याला जातो. मी चालवते, ते बसतात. पहिल्या रविवारी जाताना गप्प होते. येताना उतार संपून रस्ता सरळ झाला तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी असतो तर अजून तिसराच ठेवला असता."

मी चौथा टाकला. गाडी थरथरली, कुरकुरली, जड पडली. जरा वेळ मी तशीच दामटली. मग मुकाट्याने तिसरा घेतला.

ते खिडकीबाहेरच बघत होते. पण त्यांचे कान हसताना हलतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक झालं आहे.