माझ्या मेहुणीने शिवलेले गणवेश

दोन माणसांनी सारखे कपडे घालणं हा गुन्हा आहे, असं मनापासून मानणारी बाई साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल. ती आमच्या हिची मावसबहीण निघावी, हे एक वेळ ठीक. पण तिने दुकान थाटावं ते सोलापुरात, जिथे दर दोन गल्ल्यांआड शाळांचे गणवेश शिवणाऱ्या मशिनी खडखडत असतात, याला काय म्हणावं? मूळची ती सांगोल्याकडची, घरी मेंढरं. पुण्याला जाऊन फॅशन डिझाइनचा कोर्स करून आली. आता मुंबई गाठ, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, तर म्हणाली, "तितं चांगले कपडे हायतच की. हितं कुटं हायत?" आणि शुक्रवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानाशेजारी, दोन मशिनी, एक आरसा आणि कापायचं टेबल कसंबसं मावेल एवढ्या गाळ्यात तिने बस्तान मांडलं.

माप घेण्याआधी ती गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायची. पर्स कुठल्या खांद्याला लावता, गाडी स्वतः चालवता की मागे बसता, जेवताना ओढणीचं काय करता. एका बँकेतल्या बाईंना तिने विचारलं, "रागावल्यावर हात कमरेवर ठेवता का तुमी?" बाई संतापून उठल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्यापुढे उभ्या राहिल्या. तिने शांतपणे टेप काढला आणि तशाच अवस्थेत माप घेऊन टाकलं. त्या बाई पुढे तिच्याशिवाय कुणाकडे शिवेनात. मला तिने शर्ट शिवला तेव्हा अर्धा तास भिंतीवर खडूशिवाय लिहायला लावलं होतं. मी मास्तर. जन्म फळ्यावर हात उंचावण्यात गेलेला, आणि हात वर केला की शर्ट पँटीतून बाहेर येणार, हे मी नशीब म्हणून स्वीकारलेलं होतं. तिने उजव्या काखेत काय करामत केली कोण जाणे, त्या शर्टाने मला एकदाही वर्गात लाजवलं नाही. एवढं असून मी दुसरा शर्ट काही तिच्याकडे टाकला नाही. दुकानात तयार मिळतो, तोही एकावर एक फुकट, मग कोण भिंतीवर लिहीत बसणार!

आमचं सगळ्यांचं असंच होतं. कौतुक भरपूर, खरेदी दुसरीकडे. पोरीच्या वाढदिवसाचा फ्रॉक आम्ही मोबाइलवरून मागवला आणि तिलाच वाढदिवसाला बोलावलं. तिने आल्या आल्या फ्रॉक उलटा करून पाहिला, म्हणाली, "दोन धुण्यात उसवंल ह्यो," आणि केक कापायच्या आधी सुईदोरा मागून घेऊन सगळी शिवण पक्की करून दिली. मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं.

काळही तिच्या बाजूने नव्हता. कापडाच्या व्यापाऱ्याला पुरतं ठाण खपवायचं असे, तिला हवं असे अडीच मीटर. घोंगडीच्या लोकरीचं एक जाकीट तिने केलं होतं. सोलापूरच्या उन्हात त्याकडे नुसतं बघूनही घाम फुटायचा, पण होतं देखणं. त्याचा फोटो तिने इन्स्टाग्रामवर टाकला. शेकडो लोकांनी किंमत विचारली, एकानेही घेतलं नाही, आणि महिन्याभरात हुबेहूब तसंच जाकीट, लोकरीऐवजी कसल्याशा नायलॉनचं, कुणीतरी पाव किमतीला विकायला काढलं. ती चिडली नाही. "त्याची काख चुकल्या," एवढंच म्हणाली. नंतर नंतर लग्नसराईतसुद्धा बायका फोनवरचं चित्र दाखवून "अस्संच पाहिजे" म्हणू लागल्या. ती फोन परत करायची. "हे जिच्यासाठी शिवलंय, तिला विचारून या." बायका जायच्या, त्या परत यायच्या नाहीत.

गाळा सोडावा लागेल अशी वेळ आली तेव्हा मी मध्ये पडलो. आमच्या शाळेत पाचवीपुरता नवा गणवेश करायचं चाललं होतं. पसंत पडला तर पुढच्या वर्षी सगळ्या शाळेचं काम, दरवर्षीचं. मी हेडमास्तरांकडे शब्द टाकला. "गणवेश?" ती म्हणाली, आणि हातातली कात्री टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "करते की. पण माप एकेकाचं घेणार. पोरं काय साच्यातनं काढल्यात व्हय?"

दोन दिवस ती वर्गात बसून होती. मला वाटलं, मापं घेतेय.

गणवेश आले. रंग तोच, कापड तेच. पण जो पोरगा डावखुरा त्याचा खिसा उजवीकडे. जो कॉलर चघळायचा त्याला कॉलरच नाही. बुटक्यांना आत भरपूर कापड दुमडून ठेवलेलं, उंच होतील तेव्हा सोडायला. आणि एक मुलगी आहे, जन्मापासून तिचा डावा खांदा उतरलेला. तिच्या खांद्याला आतून कापडाची घडी आणि वरून अशा चुण्या, की खांदे सरळ दिसावेत. पोरं हरखून एकमेकांचे खिसे बघत होती. हेडमास्तर दारातच थबकले. "सर, हा गणवेश आहे की गॅदरिंग?"

मेहुणी माझ्याकडे बघत होती. "दाजी, तुमाला बी चुकीचं वाटतंय का?"

वाटत नव्हतं. आयुष्यात एवढी बरोबर गोष्ट मी शाळेत पाहिली नव्हती. पण हेडमास्तर शेजारी उभे होते, आणि मी म्हणालो, "शाळेत चालत नाही ना गं हे. सगळे सारखे करून दे, तेवढ्यासाठी काय अडलंय?"

"न्हाय, काय न्हाय," ती म्हणाली, आणि सगळे परत घेऊन गेली.

आठवड्यात तिने ते उसवून पुन्हा शिवून दिले. एकासारखा एक. हेडमास्तर खूश झाले, पुढच्या वर्षीचं कामही देऊ म्हणाले. तिने ते घेतलं नाही. गाळा सोडला. आता एमआयडीसीत एका गणवेशाच्या कारखान्यात नमुना शिवते. ती एक शिवते, मग मशिनी तसे हजारो काढतात. पगार वेळेवर होतो. घरचे सुटलो म्हणतात. मीही म्हणतो.

दिवाळीत ती जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आली होती. फराळ केला, पोरीशी खेळली, कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना चप्पल घालता घालता मला म्हणाली, "दाजी, ती खांद्याची पोरगी हाय का अजून शाळेत?"

"आहे की."

"म्या परत शिवताना घडी काढली, पण चुण्या थोड्या ठेवल्या होत्या. कळल्या न्हाईत कुणाला. झाकतोय का खांदा?"

"अगं, काही म्हणजे काही दिसत नाही," मी म्हणालो.

"मग लई बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. कितीतरी महिन्यांनी तिला तशी पाहिली.

प्रार्थनेच्या वेळी पाचवीच्या रांगेवर माझी ड्युटी असते. 'सावधान' म्हटलं की सगळ्यांचे हात खाली जातात. ती मुलगी उजव्या हाताने डावा खांदा झाकून तशीच उभी राहते. हात खाली घे, असं मला तिला सांगायचं असतं. मी पुढच्या मुलाकडे जातो.