सगळ्यात हलका फड म्हणे!

मंडळी, राग आवरून लिहितोय.

सकाळी आपल्या काष्टी गावच्या ग्रुपवर एमएमएच्या, त्या पिंजऱ्यातल्या मारामारीच्या, फाइटवरून वाद पेटला. या शनिवारी एकही नावाजलेला गडी नाही, लढतींचं आजवरचं सगळ्यात फालतू कार्ड, वगैरे. तिथून गाडी घसरली आपल्या यात्रेतल्या कुस्त्यांवर. नव्वदच्या दशकात एका वर्षी मोठा पैलवान आलाच नव्हता, तो फड सगळ्यात हलका, यावर तुमचं एकमत झालं. "शेवटची कुस्ती बघायला तर कुत्रंबी थांबलं न्हाई," असा एकाने व्हॉइस मेसेज टाकला. वर हसला.

मी तो स्पीकरवर लावला होता. शेजारी माझे थोरले बंधू, अण्णा, चहा पीत होते.

शेवटची कुस्ती अण्णांची होती.

मोठा पैलवान येत नाही म्हटल्यावर लोक उठायला लागले. तेव्हा अण्णा एक हात वर करून आखाड्यात फिरले, कोणी जोड मिळतो का बघत. कर्जतचा एक गडी उतरला. दोघांनी एकमेकांच्या हातात माती टाकली आणि भिडले. त्याच कुस्तीत अण्णांचा खांदा निखळला. त्यांना उचलायला मी आणि तो कर्जतचा गडी, दोघंच. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

मी रागाने टाईप करायला लागलो. अण्णांनी माझं मनगट धरलं. पकड अजून तीच.

"आरं, भांडू नगं. फकस्त इचार, त्या कुस्तीचा निकाल काय लागला, कुनाला म्हाईत हाय का?"

विचारतोय. आहे कोणाला माहीत?