मंगळवारी मी त्या घरी गेलेच नव्हते

हे लिहू की नको, यात दोन वर्षं गेली. कारण असले अनुभव वाचून हसणाऱ्यांत मी पहिली. मी शेतकीची पदवीधर, कृषी सहाय्यक आहे. माझं काम म्हणजे माती, खड्डे, रोपं आणि शेतकऱ्यांच्या याद्या. पाड्यापाड्यांवर फिरताना अंगात येणं, उतरवणं, सगळं जवळून बघितलंय आणि कशावरही विश्वास बसला नाही. आजही बसलेला नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे "ताई, देवीचीच कृपा" अशा कमेंट कृपया नकोत.

गोष्ट मे २०१७ ची. माझं ऑफिस तलासरीला, मुलीची शाळा डहाणूत, आणि आम्ही दोघी आशागडला भाड्याने राहत होतो. मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची, चौथीत जाणार होती. आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोल्या त्यांना हव्या झाल्या. माणसं चांगली, स्वतः वर येऊन सांगून गेले... "महिनाअखेरपर्यंत बघा ताई कुठेतरी."

कुठेतरी! मे महिन्यात डहाणूत भाड्याचं घर शोधलंय का कोणी? नवीन बांधकाम मुळातच कमी. त्यात बदल्यांचा सीझन, म्हणजे बँकवाले, शिक्षक, रेल्वेवाले सगळे एकाच वेळी बाहेर पडतात. त्या वर्षी रेल्वेच्या नव्या लाइनच्या कामावरचे इंजिनिअरही आले होते, त्यांची कंपनी एकदम दोन-दोन फ्लॅट उचलायची. एकेका घरामागे सात-आठ जण उभे.

आणि त्यात मी. गळ्यात मंगळसूत्र, पण नवरा दिसत नाही.

शैलेश, माझा नवरा, २०१३ च्या दिवाळीनंतर नोकरीसाठी म्हणून सुरतला गेला. दोन-तीन महिने फोन आले, मग थांबले. दिलेल्या पत्त्यावर मी जाऊन आले. तिथे तो कधी राहिलाच नव्हता. शेवटच्या फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "सईला सांग, पप्पा कामावर आहेत." हे वाक्य मी कोणालाही सांगितलेलं नाही. माझ्या आईलाही नाही. सईला मात्र तेच सांगत राहिले, तीन वर्षं.

तर, अकरा घरं बघितली. सगळीकडे बसायच्या आधी तोच प्रश्न, "मिस्टर काय करतात?" मी खरं सांगायचे — "सोबत राहत नाहीत." की चहा आत परत जायचा. मसोलीला एक गृहस्थ म्हणाले, "आम्हाला फॅमिली हवी होती." मी सईकडे बोट दाखवलं. "मग ही कोण?" तरी घर दिलं नाही. आगरला समुद्राजवळ एक छान जागा होती. तिथल्या बाईंनी सईला केळं दिलं, खोल्या दाखवल्या, आणि शैलेशचं कळल्यावर म्हणाल्या, "यांना विचारून सांगते." अजून विचारतायत.

आमचे एजंट होते, मनोजभाई. स्कूटरवरून सगळं डहाणू फिरलेला माणूस. ते म्हणाले, "मॅडम, तुमची फाईल स्ट्राँग करायला पाहिजे. लोक माणूस नंतर बघतात, पेपर आधी बघतात."

म्हटलं, करू. मला कागदांची सवय आहे. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, ऑफिसचं ओळखपत्र, आशागडच्या मालकांची 'भाडं वेळेवर, वागणूक उत्तम' अशी सहीची चिठ्ठी, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म आधीच भरून... सईचं प्रगतीपुस्तक सुद्धा लावलं. मनोजभाईंनी फाईल चाळली आणि शेवटच्या पानावर थांबले.

"आता एक फॅमिली फोटो लावा. आणि मिस्टर शिपवर आहेत सांगा."

"खोटं?"

"मॅडम, सहा-सहा महिने बाहेर असतात ते लोक. कोण बघायला येतं?"

दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा घर सोडायला नऊ दिवस राहिले होते. मी कपाटातून डहाणूच्या किनाऱ्यावर काढलेला आमचा तिघांचा जुना फोटो काढला आणि फाईलला लावला. लावताना राग आला होता फक्त.

त्या गुरुवारी मनोजभाईंचा फोन — "सरावलीला एक बंगला आहे, वरचा मजला द्यायचाय. आजच कळलं. म्हातारी बाई आहे, एकटी राहते, पण सहा पार्ट्या ऑलरेडी येऊन गेल्यात. उद्याच जा." आजच कळलं, हे शब्द मला नीट आठवतात. त्याआधी ते घर जगात आहे हेही मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी ऑफिसमधून जरा लवकर निघून मी एकटीच गेले. पुढे चिकूची चार झाडं, बाहेरून वर जाणारा वेगळा जिना, ओट्यावर दोन खुर्च्या. कामाला असलेली बाई, लाडकी तिचं नाव, तांदूळ निवडत होती. मला बघून तिने आत हाक मारली, "बा, ती बाय परत आली!"

मला वाटलं, दुसरी कोणी समजली.

बा, म्हणजे घरमालकीण, बाहेर आल्या. पंचाहत्तरीच्या, गुजराती पद्धतीची पांढरी साडी, पातळ आवाज, डोळे एकदम स्वच्छ. मला बघून हसल्या.

"अरे, तू पाछी आली? मी तर तुला फोनच करणार होती. बेस ना."

"बा, मी पहिल्यांदाच येतेय. मनोजभाईंनी पाठवलं."

"पहिल्यांदा?" त्या लाडकीकडे बघून हसल्या. "बघ, मस्करी करते."

मी कसंनुसं हसले आणि फाईल पुढे केली. पाठ केलं होतं तसं सगळं बोलले. सरकारी नोकरी, एक मुलगी, आवाज नाही, पाहुणे नाहीत. आणि मग, "मिस्टर शिपवर असतात."

बांचं हसू गेलं. त्यांनी फाईल मिटून मांडीवर ठेवली.

"मंगळवारे तर तू बोलली तो सोडून गेला."

मी खुर्चीच्या कडेवर सरकले.

"इथेच बसून बोलली. एक तास बसली तू. बोलली की सुरतला गेला, पत्ता पण खोटा दिला. शेवटचा फोन आला तेव्हा सांगितलं, मुलीला सांग पप्पा कामावर आहेत. बोलली, तीन वरस त्याचं खोटं मी सांभाळलं, आता नाही सांभाळणार." बा माझ्याकडे रोखून बघत होत्या. "मग मंगळवारे खोटं बोलली की आज बोलते?"

तेव्हा काय वाटलं ते लिहायचा खूप प्रयत्न केला. भीती म्हणाल तर नव्हती. कोणीतरी माझं बंद कपाट उघडून, सगळं नीट घडी घालून परत लावून गेलंय, तसं काहीतरी. ते फोनवरचं वाक्य... जसंच्या तसं.

"मी मंगळवारी आले नव्हते, बा," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "कोण आली होती? कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

लाडकी तांदळाचं सूप खाली ठेवून उठली. "असं काय करतं बाय? मीच तर पानी दिलं तुला. हीच ओढनी होती."

बा आत गेल्या आणि शाळेची एक दोनशे पानी वही घेऊन आल्या. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या नाव, नंबर आणि घर कशाला हवं ते लिहून घ्यायच्या. सातवी नोंद माझी होती. माझं नाव. माझा मोबाईल नंबर. खाली तीन ओळी — 'मी आणि माझी मुलगी राहणार. नवरा सोडून गेला आहे. यात लाज वाटण्यासारखं आम्ही काही केलेलं नाही.' त्याखाली सही, आणि सहीखाली दोन टिंबं, जशी मी रोज मस्टरवर करते.

अक्षर माझं होतं. कोणी नक्कल केली असेल, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते... मी 'झ' जुन्या पद्धतीने काढते, आजोबांनी शिकवला तसा. माझ्या ऑफिसात कोणी तसा काढत नाही. 'माझी' या शब्दात तोच 'झ' होता.

बा थांबल्या होत्या. आता दोनच रस्ते. ती मी नव्हेच म्हणायचं, वही खोटी म्हणायची, फाईल उघडून फोटो दाखवायचा. किंवा...

मी फाईल त्यांच्या मांडीवरून घेतली, फोटो काढला आणि पर्समध्ये टाकला.

"वहीत लिहिलंय ते खरं आहे," मी म्हटलं. "आजचं शिपचं खोटं. घर द्यायचं तर द्या, नाही तर मी निघते. पण यापुढे कोणालाही हे खोटं सांगणार नाही."

बांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "ते बँकवाले साहेब आले होते, त्यांची फाईल तुझ्याहून जाडी होती. पण मला डोक्यावर भीत भीत राहणारं माणूस नको. आवाज नाही केला तरी खाली त्रास होतो." आणि लाडकीला म्हणाल्या, "वरची चावी आण."

घरी गेल्यावर मी सईला सगळं सांगितलं. म्हणजे घराचं नाही, पप्पांचं. तिने रडावं, ओरडावं अशी माझी तयारी होती. ती थोडा वेळ चादरीचा धागा ओढत बसली आणि म्हणाली, "मग शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं?"

"पप्पांचं नाव लिहू. कामाच्या पुढे लिहू, माहीत नाही."

"चालेल असं?"

"चालवून घेतील," मी म्हटलं. आणि खरंच, घेतलं त्यांनी.

राहायला गेल्यावर मी शांतपणे चौकशी केली. माझ्या स्वभावातच आहे ते. तो मंगळवारच होता का? होता. त्या दिवशी गॅसचा सिलिंडर आला होता, पावतीवर तारीख होती, आणि बा म्हणत होत्या की सिलिंडर आला तेव्हा 'मी' ओट्यावर बसले होते. वेळ सकाळी अकरा-साडेअकरा. त्या मंगळवारी सकाळी नऊपासून दोनपर्यंत मी उपलाटच्या बाजूला एका पाड्यावर फळबागेचे खड्डे मोजत होते. सरावलीपासून स्कूटीवर तास-सव्वा तास. मोबाईलमधल्या प्रत्येक फोटोवर वेळ आणि जागा आहे. अकरा वाजून दहा मिनिटांच्या फोटोत मी टेप धरून उभी आहे, शेजारी सोळा शेतकरी. ओढणी तीच.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, महालक्ष्मीला ओटी भरून ये, आईच उभी राहिली तुझ्यासाठी. मी म्हटलं, आई उभी राहिली असती तर आधीच्या अकरा घरांत का नाही राहिली? ऑफिसमधले एक साहेब म्हणाले, ताण असतो, माणूस विसरतं. मी विसरले असेन, सोळा जण आणि मोबाईल पण विसरले? मनोजभाईंचा तर प्रश्नच नाही. ते आजही सगळीकडे सांगतात, फाईल स्ट्राँग होती म्हणून घर मिळालं.

बांना मी पुन्हा कधी विचारलं नव्हतं. माझं खरं मानून त्यांनी घर दिलं होतं. ती मी नव्हते हे परत परत सांगायचं, म्हणजे त्यांना वेडं ठरवायचं. पण २०१९ च्या सुरुवातीला आपल्याकडे भूकंपाचे धक्के सुरू होते. असाच एकदा दुपारी धक्का बसला, बा, लाडकी आणि मी खुर्च्या घेऊन अंगणात येऊन बसलो, आत जायची कोणाचीच हिंमत होईना. तेव्हा बोलता बोलता विचारून टाकलं.

"बा, खरं सांगा. ती मंगळवारची आणि मी. काहीच फरक नव्हता?"

बांनी विचार केला. "तोंड तर तुझंच. आवाज पण. पण ती आली नि मी सांगायच्या आधी बसली. पाठ टेकून, आरामात. लाडकीकडे चहा मागून घेतला, साखर जास्त. तू तर दोन वरस होत आली, अजून कडेला बसते. जसं कोण आत्ता उठवणार आहे."

मी खाली बघितलं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

लाडकी हसायला लागली. मीही हसले. मग मागे सरकले, पाठ टेकली आणि म्हटलं, "लाडकी, धक्के थांबले की चहा टाक. साखर जास्त."

बास, एवढंच आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि कोणाचं ऐकून घ्यायचीही आता इच्छा नाही. ती कोण होती, माझं नाव तिला कोणी दिलं, त्या घराचा पत्ता माझ्याआधी तिला कसा मिळाला, मला माहीत नाही. परत कधी आलीच तर ओट्यावर खुर्ची आहे, बसावं तिने. फक्त वरचा मजला मिळणार नाही. तिथे मी राहते.