आइस्क्रीम आणायला गेलेला माणूस

चावीवालीला राग यायला वेळ लागत नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. कुणी "जरा हात चालवा" म्हटलं, की ती कानस खाली ठेवून त्याच्याकडे अशी बघायची की माणूस गुमान रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. नवरा दुकान टाकून निघून गेला तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. त्याला पायाशी खेळवत ती कुलपं उघडायला शिकली, चाव्या घासायला शिकली. पुढे पोराने हट्टच धरला, म्हणून त्याला गोष्टी लिहायच्या अभ्यासक्रमाला घातलं. "लिहायला कुणी शिकवतं का?" म्हणून शेजारचे दुकानदार फिदीफिदी हसले, तर एकेकाची तिने अशी हजेरी घेतली की पुन्हा कुणी विषय काढला नाही.

त्या संध्याकाळी शेवटच्या वर्षाच्या मुलांचं जाहीर वाचन होतं. हाताचं काळं घासूनघासून काढून ती पहिल्या रांगेत बसली. शेजारी वन्सं, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. "आत्यालाही आण" असं पोराने बजावलं होतं.

आधी एका मुलीने स्वतःच्या करंगळीवर भलंमोठं काहीतरी वाचलं. मग एका दाढीवाल्याने दोन ओळी वाचल्या आणि तो नुसताच उभा राहिला. टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळेना. आमच्याचं तरी धड असू दे रे देवा, असं चावीवाली पुटपुटली.

आणि पोरगा उभा राहिला. गोष्टीत एक लहान मुलगा होता. बाप त्याला गाड्या बघायला स्टँडवर नेतो, बाकावर बसवतो, गालाचा पापा घेतो. "आइस्क्रीम घेऊन येतो, इथून हलू नकोस." मुलगा गाड्या बघत बसतो. तेवढ्यात मनगटावर भाजल्याचा चट्टा असलेली एक बाई धावत येते, त्याच्या थोबाडीत मारते आणि त्याला फरफटत घरी नेते. मागून बाप दोन आइस्क्रीम घेऊन येतो. बाक रिकामा. आइस्क्रीम वितळून कोपरापर्यंत ओघळतं. तो पुन्हा कधी घरी येत नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चावीवालीने बाही खाली ओढून मनगट झाकलं.

"अस्साच होता हो माझा दादा, मायाळू," वन्सं मुसमुसत म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही जरा थांबायला हवं होतं."

चावीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मायाळू! नवरा गेला एवढंच तिने जगाला सांगितलं होतं. कसा गेला, ते इतक्या वर्षांत एका शब्दाने नाही. का, तर पोराच्या जिवाला लागेल. आणि तिने गप्प राहून राखलेल्या जागेत पोराने हा बाप आणून बसवला! आता तोंड उघडावं तर त्याच्याकडची बापाची एकुलती एक आठवण जाते, न उघडावं तर जन्मभर कैदाशीण ठरते.

बाहेर व्हरांड्यात पोराच्या मॅडम गाठ घ्यायला आल्या. "तुम्हीच आई ना? आम्ही छापतोय ही गोष्ट. मनावर घेऊ नका हं, शेवटी कल्पना आहे."

"हो का? मग हा चट्टाही कल्पनाच का?" तिने बाही वर केली. मॅडम कसनुसं हसल्या आणि चहाकडे वळल्या.

पोरगा फुललेल्या चेहऱ्याने आला. "आई, कशी वाटली?"

"घरी चल."

"रागावलीस ना? मग मी काय करू? बाबांचं मला एवढंच आठवतं. तू कधी काही सांगितलंस?" त्याचाही आवाज चढला. "पाच मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"पाच मिनिटं?" ती म्हणाली. "अरे, दुपारी जेवण झाल्यावर नेलं त्याने तुला. मी सगळा बाजार पालथा घातला, दारोदार विचारत हिंडले. स्टँडवर पोचले तेव्हा दिवे लागले होते. हलू नकोस म्हणाला होता ना? तू हलला नव्हतास. चड्डीत केली होतीस आणि ती अंगावरच वाळली होती."

मागोमाग आलेल्या वन्संचा रुमाल नाकाशीच राहिला.

"तिकीटवाल्याने पाहिलं होतं. तुला बसवलं आणि बॅग घेऊन सुटणाऱ्या गाडीत चढला. कसलं आलंय आइस्क्रीम!"

पोराच्या हातातले कागद चुरगळले गेले, ते त्याला कळलंही नाही. त्याने अगदी लहान आवाजात विचारलं, "मग मला का मारलंस?"

"ज्याला मारायचं तो निघून गेला होता ना रे!" चावीवाली ओरडली. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.