कॅन उतरवलेली गाडी

गाडीचं पुढचं चाक उचलायला मी रहिमतपूरच्या रस्त्यावर शिकलो, असं मी वर्षभर धरून चाललो होतो. रोज सकाळी डेअरीला दूध घालायला जायचो. मागच्या लोखंडी स्टँडला दोन्ही बाजूंनी दुधाचे भरलेले कॅन. ओढ्यापुढच्या चढाला पहिल्या गिअरात रेस पिळून क्लच सोडला, की चाक वर! दूध सांडायचं, आणि माप कमी भरलं की मी डेअरीवाल्यालाच शिव्या घालायचो.

माधवनगरला बंद गिरणीसमोर दर रविवारी पोरं पुढचं चाक उचलून व्हीली मारतात, असं तिथल्या मावसभावानं सांगितलं. मिरवायचं म्हणून मी कॅन आणि स्टँड उतरवला, गाडी धुतली आणि एवढ्या लांब गेलो. सगळे बघत होते. क्लच सोडला, तर गाडी नुसती पुढं पळाली. पाच वेळा तेच. सहाव्यांदा बंदच पडली.

मावसभाऊ स्टँडच्या बोल्टांच्या रिकाम्या भोकांकडं बघत म्हणाला, "दूध लावून शिकलास व्हय रं? चाक कॅननं उचललंय गड्या, तू न्हाई."

पुढं कितीतरी महिने रिकाम्या गाडीवर जीव तोडून बघितलं. चाक वीतभरही उठलं नाही. मग नाद सोडला.

आता रोज सकाळी भरलेले कॅन लावून मी त्याच चढाला लागतो. ते हरामखोर चाक आपणहून उठायला बघतं, आणि दूध सांडू नये म्हणून मी टाकीवर ओणवा होऊन त्याला खाली दाबून धरतो.