तंबूत माणूस यावा म्हणून

साखरेच्या पोत्याला मुंग्या लागाव्यात तसे सिनेमाच्या धंद्याला किस्से लागतात. झटकावेत तितके वाढतात! मी भोरचा किराणा दुकानदार, शाळा चौथीपर्यंत. बोलपटाचं वेड लागलं आणि नदीकाठी तंबू ठोकला.

पुण्याचा एजंट चित्रं, म्हणजे सिनेमे, द्यायचा. त्यानं बजावलं, "शेठ, भोर-वेल्ह्याचा इलाखा तुमच्याकडे. पण या सीझनला बायकांची बाजू एकदा तरी पूर्ण भरून दाखवा. नाहीतर पुढची चित्रं दुसऱ्याला!"

बायकांची बाजू! तंबूत मधोमध कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. आणि पलीकडे तेव्हा फक्त कुत्री बसायची.

*

तंबू वेल्ह्याला हलवला. सरकारी दवंडी देणारा दगडू होता, त्यालाच कामाला लावलं. त्याला सवय सरकारी हुकमाची, कधी सारा भरा, कधी लस टोचून घ्या. गावभर ओरडला, "आज सांजच्याला समद्यांनी बायकापोरांसकट तंबूम्होरं हजर व्हावं! न्हाई आला त्याची गय न्हाई!"

मी सिनेमाचं मशीन घेऊन पोचलो तर दारं बंद, चुली थंड, गावात चिटपाखरू नाही! एका ओट्यावर एक म्हातारा दंड उघडा करून बसलेला.

"समदी रानात पळाली," तो म्हणाला. "मला पळवत न्हाई. टोचा आन् जावा."

*

पालीत देवाच्या सिनेमाच्या जाहिरातीचे रंगीत कागद वाटले, घरोघर. चार दिवसांनी गेलो तर प्रत्येक देव्हाऱ्यात माझी जाहिरात! वर कुंकू, फूल, उदबत्ती.

"मग चला की सिनेमाला," मी एका बाईंना म्हटलं.

बाई हात जोडून म्हणाल्या, "देव सोता घरी आला, शेठ. आता तुमच्या तंबूत ऱ्हायलंय कोन?"

*

शिवऱ्यात जाहिरातीसाठी सदबा पैलवानाला राक्षस केला. अंगाला काजळी, डोक्याला शिंगं, बैलगाडीवर उभा करून डरकाळ्या! बायका दाराआडून बघायला लागल्या. मी खूश.

तेवढ्यात एक म्हातारी गाडीपुढं आली. "सदबा, तुझ्या आयला ठावं हाय का ह्ये?"

राक्षस गाडीखाली! तिथूनच आवाज, "मावशे, घरी सांगू नगंस!"

*

शेवटी तंबू परत भोरच्या नदीकाठी आणला आणि सासुरवासाचं चित्र आलं. सीझनचा शेवटचा खेळ, एजंट स्वतः हजर. आदल्या दिवशी मी भर बाजारात फलक टांगला : 'खाष्ट सासूंना प्रवेश बंद!'

एजंट फलक वाचून पांढराफटक. "शेठ, मार खाल!"

दिवेलागणीला बघतो तर बायकांची रांग बाजारापर्यंत! सगळ्या सासवा. प्रत्येकीनं सून मनगटाला धरून आणलेली, साक्षीला.

"सांग गं ह्यास्नी, मी खाष्ट हाय व्हय?"

"न्हाई, आत्याबाई!"

"चला आत!" मी दोघींची तिकिटं फाडत होतो. बाकं भराभर भरली. शेवटच्या बाकावर दोघींपुरती जागा उरली. एजंटानं पुढच्या चित्रांच्या करारावर पेन टेकवलं. "एवढं भरलं की सही."

रांगेत शेवटी उभी कोण? माझी आई! हातात माझ्या बायकोचं मनगट.

"विचार की तुझ्या बायकोला, सगळ्यांदेखत!" आई कडाडली.

अख्खा तंबू वळून बघायला लागला. लग्नाला अकरा वर्षं झाली, बायकोचा चढा आवाज मी ऐकलेला नाही. तिनं मनगट हळूच सोडवून घेतलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता एजंटाला म्हणाली,

"एकच तिकीट द्या, भाऊ. माझं."