ठिपके हलतायत का बघा

ज्या कुणी ‘हे घड्याळ कधी बिघडत नाही’ असं पहिल्यांदा सांगितलं, त्यानं लोकांना सरळसरळ फसवलंय! आणि फसलेली माणसं शेवटी आमच्याच साताऱ्याच्या दुकानात येतात, म्हणून किस्सेही इथंच साचतात. त्यातले काही आजही दुकानातल्या डावीकडच्या टेबलावर बसून लिहून काढतोय.

दुकान माझ्या चुलत्यांचं, आप्पांचं. चाळीस वर्षं ते घड्याळ कानाला लावून रोग ओळखतात. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि म्हटलं, काट्यांचे दिवस संपले, आता आकड्यांची डिजिटल घड्याळं दुरुस्त करायची.

“टिकटिक नाही त्याला जीव नाही,” आप्पा म्हणाले. “दिवाळीपर्यंत डावीकडचं टेबल तुझं. जमलं तर बघू. नाहीतर गप मास्तरकीचा अर्ज कर.”

* * *

पहिलंच डिजिटल घड्याळ आलं कवठे महांकाळहून. मी जेवायला गेलो होतो. आप्पांनी रिवाजाप्रमाणे ते उघडून पेट्रोलच्या वाटीत बुडवलं! प्रत्येक घड्याळाची आंघोळ तिथंच होते.

परत येऊन बघतो तर आकडे गायब. काचेवरची पातळ फिल्म सुटून वाटीत तरंगत होती. त्या फिल्मशिवाय आकडे दिसतच नाहीत.

आप्पा शांतपणे म्हणाले, “शाई कच्ची होती.”

* * *

मी मुंबईहून नवी फिल्म मागवली आणि घाईघाईत आडवी चिकटवली. सगळा पडदा काळा झाला, त्यावर आकडे पांढरे! काढायला गेलो तर फाटेल, आणि दुसरी फिल्म नव्हती. तेवढ्यात घड्याळाचा मालक दारात. मी माफी मागायला तोंड उघडणार, तर तो बाहेरच्या दोस्ताला ओरडला, “गड्या, हिकडं ये! सगळ्यांचं पांढरं, आपलं काळं!”

आठवड्यात त्याच्या गावचे दोघं आले. “आमचं बी काळं करा.”

आप्पा म्हणाले, “काय रं बी.एस्सी., बिघडवायलासुद्धा गिऱ्हाईक मिळालं की!”

* * *

लोणंदचे एक गुरुजी चिडून आले. त्यांची साडेसहाची गाडी चुकली होती. घड्याळात पाच दिसले म्हणून निवांत चहा पीत बसले.

“पाचला पाच दाखवतं आणि सहालाही पाचच!”

आकड्याची खालची डावी रेघ उमटत नव्हती, म्हणून सहाचे पाच. काचेखाली रबराची पट्टी असते, तिच्यातून करंट आकड्यांपर्यंत जातो. तिथं तपकीर अडकली होती. पुसली, रेघ उमटली.

“तपकीर सोडा गुरुजी.”

“त्यापेक्षा गाडी सोडीन!”

* * *

दिवाळी झाली. आप्पांनी सकाळीच सांगितलं, “टेबल रिकामं कर.” मी ड्रॉवर आवरत होतो, तेवढ्यात माण तालुक्यातलं एक जोडपं आलं. मेंढरं राखणारे म्हातारबाबा आणि त्यांची बायको. फौजेतल्या मुलानं सुट्टीवरून जाताना दिलेलं घड्याळ, पडदा कोरा.

पडद्याची काचच बदलायला हवी होती. माझ्याकडे तीन होत्या. एक मोठी, दुसरीच्या जोडण्या वेगळ्या, तिसरी बरोब्बर बसली. आकडे आले!

म्हातारबाबांनी निरखून बघितलं. “ठिपकं कुठं हायती?”

तास-मिनिटांमधले लुकलुकणारे दोन ठिपके आले नव्हते.

“बाबा, वेळ बरोबर आहे ना!” मी वैतागलो.

“येळ काय, सूर्य बी दावतो. पोरगं म्हनलं हुतं, ठिपकं हालत्यात तवर मी बरा हाय समजा.”

मी पुन्हा घड्याळ उघडलं. रबराची पट्टी केसभर सरकवली. ठिपके लुकलुकले.

आप्पा उठून आले. सवयीनं घड्याळ कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. “आवाजच नाही याला.”

दाराशी बसलेली म्हातारी म्हणाली, “आवं, आमचं पोरगं बी लय बोलत न्हाई. कानाला काय लावताय, डोळ्याम्होरं धरा.”